कळण्याची भाकरी, वरण आणि प्रोटीनचा हिशेब

तापीकाठची

मूळ गाव शिंदखेड्याकडचं, पण पंधरा वर्षं झाली पुण्यात. गेल्या महिन्यात आई (वय ६८, वजन ५५ किलो) माझ्याकडे आली. जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणून डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या सगळ्या ठीक निघाल्या, फक्त "प्रोटीन कमी पडतंय" म्हणून त्यांनी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, "आजी, दिवसभरात काय खाता?" आई म्हणाली, "भाकर." त्यावर त्या हसल्या. "भाकरीत नुसता स्टार्च असतो, ती कमी करा," म्हणाल्या आणि एका पावडरीच्या डब्याचं नाव लिहून दिलं. किंमत ऐकून आई दुकानाच्या पायरीवरूनच माघारी फिरली. रस्त्यात म्हणे, "एवढा पैसामा ते पोतंभर दादर ई जाई." (एवढ्या पैशात पोतंभर दादर, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, येईल.)

आता माझी शंका. आई खाते ती साधी भाकरी नाही, कळण्याची खाते. आमच्याकडे पायलीभर ज्वारीला शेरभर उडीद टाकून दळतात. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात, असं शाळेत शिकल्याचं आठवतं. मग कळणा म्हणजे आपोआप पूर्ण प्रोटीन झालं का? प्रमाण बरोबर आहे का? आणि डाळ, भाकरी एकाच ताटात लागते की दिवसभरात कधीही चालते? जाणकारांनी सांगावं. पावडर घ्यावी की न घ्यावी हा वाद मात्र इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.

खडेमीठ

ताई, आम्ही चोपड्याचे. आमच्याकडेही पायलीला शेरच. उडीद सालासकट, काळे. डाळ नाही वापरायची. मूठभर मेथ्या आणि खडे मीठ दळतानाच टाकायचं, त्यामुळे भाकरीत वेगळं मीठ घालावं लागत नाही. थंडीत ज्वारीऐवजी बाजरी. मात्र बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून आठ दिवसांपुरतंच दळायचं.

गिरणीत एक लक्षात ठेवा. गव्हावर दळू नका, गव्हाचं पीठ मिसळतं. ज्वारीच्या दळणानंतर नंबर लावा. पुण्यातल्या गिरणीवाल्याला हे पटवणं म्हणजे एक कामच आहे म्हणा.

प्रोटीनचं मला कळत नाही, पण उडदाने भाकरी थापायला सोपी होते हे नक्की. नुसती ज्वारी जुनी असेल तर काठाला चिरते. उडदाच्या चिकटपणाने कळणा चिरत नाही आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहतो. शेतात न्यायला म्हणूनच कळणा.

जिभाऊ_पारोळा

कळनानी भाकर, लसूननी चटनी, वरथून कच्चं तेल. आखो काय जोयजे?

निवांत_मास्तर

तापीकाठची ताई, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. तीसएक वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागली तर माफ करा.

"भाकरीत नुसता स्टार्च" हे चूकच. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे गव्हाच्या आसपास आणि तांदळापेक्षा जास्त. अडचण प्रमाणाची नाही, घडणीची आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातली नऊ आपलं शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, आणि त्यातलं एक कमी पडलं की बाकीचीही तेवढ्याच प्रमाणात कामी येतात. लग्नात पत्रावळी पाचशे आणल्या आणि द्रोण दोनशेच, तर पंगत दोनशेचीच उठते. उरलेल्या पत्रावळींचं काय करायचं ते करा. ज्वारीत हे कमी पडणारे द्रोण म्हणजे लायसिन हे अमिनो आम्ल.

मोठ्या माणसाच्या गरजेनुसार एक ग्रॅम प्रथिनात सुमारे ४५ मिलिग्रॅम लायसिन हवं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या २००७च्या अहवालात आहे. ज्वारीच्या एक ग्रॅम प्रथिनात ते २०-२२ मिलिग्रॅमच असतं, म्हणजे निम्मंही नाही. गहू त्याहून थोडा बरा, तांदूळ आणखी बरा. प्रमाणात तांदूळ मागे, पण दर्जात पुढे. उडीद, तूर, मूग, हरभरा यांच्यात ६५ ते ७० मिलिग्रॅम. उलट मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं डाळींमध्ये जेमतेम आणि ज्वारीत बरी. म्हणून तुमचं शाळेतलं वाक्य बरोबर आहे.

आता तुमचा कळणा. पायलीला शेर म्हणजे चारास एक. वजनातही ढोबळमानाने तेच धरू. १०० ग्रॅम कळण्यात ८० ग्रॅम ज्वारीची ८ ग्रॅम आणि २० ग्रॅम उडदाची ४.४ ग्रॅम, मिळून १२.४ ग्रॅम प्रथिनं. लायसिन ज्वारीचं १७५ आणि उडदाचं २९० मिलिग्रॅम. भागाकार केला की एका ग्रॅमला ३७-३८ येतं. नुसत्या ज्वारीच्या २२वरून ३७. ही उडी मोठी आहे, पण ४५ नाही. तिनास एक केलं तर ४०-४१ येतं. दोनास एक केल्यावर बरोब्बर ४५.

म्हणजे कळणा आपोआप पूर्ण नाही. पाऊण वाट चालून देतो, उरलेली ताटातल्या वरणाने चालायची.

लिफ्टर_भुसावळ

मास्तर मग सरळ दोनास एक दळायचं ना, विषय कट.

खडेमीठ

दळून बघा भाऊ आणि खाऊनही बघा. आमच्या जाऊबाईंनी उडीद स्वस्त मिळाले म्हणून एकदा तसं दळलं होतं. भाकरी तव्याला चिकटते, तोंडात गिळगिळीत लागते आणि दुपारी सगळं घर आडवं. चारास एक हे कुणी प्रयोगशाळेत ठरवलेलं नाही, पण जिभेने आणि पोटाने ठरवलंय.

निवांत_मास्तर

खडेमीठ ताईंशी सहमत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही धान्य आणि डाळ तिनास एक असाच आहे, आणि ते दिवसभराच्या कच्च्या वजनाचं प्रमाण आहे. २०२०च्या शिफारशीत धान्य, डाळ, दूध ३ : १ : २.५ असं दिलंय. म्हणजे चारास एक कळणा आणि सोबत वाटीभर घट्ट वरण घेतलं की प्रमाण आपसूक तिनास एकच्या पलीकडे जातं. पिठात कोंबायची गरज नाही.

तापीकाठची

मास्तर, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. पत्रावळीचं तिला लगेच कळलं, लायसिन मात्र तिने "ते तुमचं औषध" म्हणून सोडून दिलं.

पण एकाच ताटाचं राहिलं. आई सकाळी भाकरी ठेच्याबरोबर खाते आणि डाळ रात्री खिचडीत. तसं चालेल का?

निवांत_मास्तर

चालेल. "एकाच जेवणात जोडी हवी" हे १९७०च्या दशकात अमेरिकेत फार गाजलं. ज्या लेखिकेने ते लोकांपर्यंत नेलं, तिनेच दहा वर्षांनी आपण जरा जास्तच ताणलं अशी कबुली दिली. पुढे १९९४ साली व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट या दोन पोषणशास्त्रज्ञांनी वनस्पतिज प्रथिनांवर सविस्तर लिहिलं, त्यातही हेच आहे की जोडी एकाच घासात नको, दिवसाचा हिशेब जुळला की पुरे. जेवणाजेवणामधला वेळ भागवायला स्नायूंच्या पेशींमध्ये सुटं लायसिन थोडं शिल्लक असतं.

तरी माझं स्वतःचं मत सांगतो. वय झालेल्या माणसाने सकाळी नुसता ठेचा-भाकरी आणि रात्री सगळी डाळ, असं करू नये. रात्री भूक कमी असते, मग डाळच राहून जाते. एकाच ताटात ठेवण्याचं खरं कारण रसायनशास्त्र नाही, विसरभोळेपणा आहे.

आबा_यावल

मास्तरांचा हिशेब वाचला, आवडला. एक म्हाताऱ्याची भर.

'कळणा' हा शब्द मुळात डाळीच्या चुऱ्याचा. जात्यावर डाळ भरडली की साल आणि बारीक कणी खाली राहते, तो कळणा. "कळणाकोंडा खाऊन दिवस काढले" असं आपण म्हणतो ना, तोच. माझा आपला तर्क आहे की आधी तो चुरा फेकवत नाही म्हणून ज्वारीत गेला असेल आणि चव लागल्यावर लोक अख्खे उडीद टाकायला लागले असतील. आज तेच हॉटेलात 'खान्देशी स्पेशल' म्हणून भरिताबरोबर मिळतं, आणि एका भाकरीला जे पैसे घेतात ते ऐकून माझी आई उठून बसली असती.

दुसरं असं की आमच्या लहानपणी मूग-उडीद घरचेच असायचे. पोळा-गणपतीच्या सुमारास शेंगा तोडायला यायच्या, पुढे त्याच रानात दादर. मग केळी आली. पैसा आला, नाही म्हणत नाही, माझी दोन्ही मुलं केळीवरच शिकली. पण घरातले उडीद गेले आणि किराण्याच्या यादीवर आले. यादीवर आलेली वस्तू महिनाअखेरीला सगळ्यात आधी कमी होते. जळगावात डाळमिलांची रांग आहे आणि त्याच जिल्ह्यात वरणात पाणी वाढतंय.

त्या पाण्यावर मास्तरांनी लिहावं. आमच्या सुनबाईंचं वरण इतकं पातळ असतं की त्यात छतावरचा पंखा दिसतो.

भरीतप्रेमी

आबा, पंखा 😂

अवांतर: थंडी सुरू झाली. बामणोदची वांगी आली का बाजारात? कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या भरिताची आणि कळण्याची आठवण काढून तुम्ही लोकांनी आमचा कामाचा दिवस घालवला.

निवांत_मास्तर

आबा, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. काल घरी मोजून पाहिलं. आमच्याकडच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कच्ची तूरडाळ १३ ग्रॅम निघाली, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅमच्याही आत. बट्टीबरोबरचं घट्ट वरण केलं तर तेवढ्याच वाटीत ३० ग्रॅम डाळ बसली, साडेसहा ग्रॅम प्रथिनं. वाटी तीच, नाव तेच. "आम्ही रोज डाळ खातो" असं सांगणाऱ्याला म्हणून मी आधी विचारतो, किलोभर डाळ घरात किती दिवस पुरते?

ताईंच्या आईचा दिवस मांडून बघू. २०२०च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, पण ती चांगल्या दर्जाची. धान्यावर भर असलेल्या जेवणात किलोला १ ग्रॅम धरावं. म्हणजे ५५ ग्रॅम. लायसिनची गरज दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे १६५०.

आपली खान्देशी भाकरी जाड, एकीला ७० ग्रॅम पीठ धरू. तीन भाकरी. नुसत्या ज्वारीच्या असतील तर २१ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम ४६० मिलिग्रॅम लायसिन. कळण्याच्या असतील तर २६ ग्रॅम आणि ९७५. उडदामुळे लायसिन दुप्पट झालं, भाकऱ्या तितक्याच. त्यावर ५० ग्रॅम कच्ची डाळ, वरण, फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके), डुबुकवडे (रश्श्यात सोडलेले वडे), काय आवडेल त्या रूपात, आणि ग्लासभर दूध किंवा त्याचं ताक. डाळीचं लायसिन ७००च्या पुढे, दुधाचं ५००च्या आसपास. लायसिनचा प्रश्न सुटला. एकूण प्रथिनं मात्र ४३-४४ ग्रॅमपर्यंतच येतात. तिथे अजून मूठभर शेंगदाणे आणि एखादी उसळ लागेल.

म्हणजे त्या आहारतज्ज्ञ बाईंचं "कमी पडतंय" हे बहुधा बरोबर होतं. भाकरी कमी करा हे नव्हतं.

लिफ्टर_भुसावळ

शेवभाजी धरता येईल का डाळीत? शेव बेसनाचीच ना 🙏

खडेमीठ

धरा. मग तर्रीचं तेल कशात धरायचं तेही मास्तरांना विचारा.

पित्तप्रकृती

सगळं छान, पण उडीद ज्यांना सोसत नाहीत त्यांचं काय? मला कळणा खाल्ला की रात्रभर पोट डब्ब.

खडेमीठ

उडीद आधी कढईत नुसते गरम करून घ्या, लाल नाही करायचे. मेथ्या विसरू नका. आणि पहिल्या आठवड्यात पायलीला अर्धा शेरच टाका. तरीही सोसत नसेल तर उडदाचा हट्ट कशाला? साधी ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण घ्या, मास्तरांचं लायसिन त्यातही आहे.

निवांत_मास्तर

बरोबर. उडदातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात, त्याचा तो वायू. अख्खे कडधान्य भिजवून पाणी फेकलं की त्या कमी होतात. पण दळायच्या उडदाला ते करता येत नाही, वाळवावे लागतील. कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटकही असतात. ते उष्णतेने बरेचसे जातात, म्हणून कळण्याची भाकरी आतपर्यंत शिजली पाहिजे. वरून पापुद्रा आणि आत ओलं पीठ, अशी नको.

ज्वारीचं आणखी एक. तिच्यातली मुख्य प्रथिनं, काफिरिन, ओल्या आचेवर शिजली की एकमेकांना घट्ट बांधली जातात आणि पचायला जड होतात. म्हणून वरचे आकडे कागदावरचे धरा, अंगी थोडं कमीच लागेल. शिवाय ज्वारीत ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल फार असतं. दख्खनात फक्त ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) दिसायचा. १९६० साली हैदराबादच्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध या ल्युसिनशी जोडला होता. ज्वारी वाईट असा याचा अर्थ नाही. एकटी ज्वारी वाईट.

सातपुड्यातला

उशिरा आलो. मी धडगाव भागात शिक्षक आहे. तुम्ही सगळे ज्वारी-ज्वारी करताय, आमच्याकडे वर पाड्यांवर मक्याची भाकरीही तेवढीच. मक्याचं काय?

मी पाहिलं ते सांगतो. ज्या घरी मक्याबरोबर उडदाची डाळ शिजते त्या घरचं पोर आणि ज्या घरी मका आणि मिरचीचं पाणी त्या घरचं पोर, वर्गात न विचारता ओळखू येतं. कारणं इतरही असतात, मान्य. पावसाळ्यानंतर कामाला गुजरातकडे गेलेले आईबाप, आजारपण, सगळं आलं त्यात. पण डाळ हे एक आहेच.

निवांत_मास्तर

सर, मक्यात लायसिन तर कमीच, वर ट्रिप्टोफॅन हे आणखी एक अमिनो आम्लही कमी. म्हणजे द्रोणही कमी आणि वाट्याही कमी. डाळ दोन्हीला हात देते, लायसिनला जास्त. मक्याचाच दर्जा सुधारण्याचं मोठं काम मेक्सिकोत झालं. सुरिंदर वासल हे आपले भारतीय शास्त्रज्ञ आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास या दोघांना त्यासाठी २०००चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट असतं.

पण तुमच्या पाड्यावर उडीद पिकतात ना? मग बियाण्याची वाट बघण्यापेक्षा ते घरात राहतील असं बघणं सोपं. विकले जातात का सगळे?

सातपुड्यातला

बरेचसे. तेल-मिठाला रोख लागते. उडदाला भाव येतो, मक्याला येत नाही.

दोन_पोरांची_आई

लहान मुलांसाठी काय? धाकटा दीड वर्षाचा आहे. भाकरीचा तुकडा चघळतो आणि टाकून देतो.

निवांत_मास्तर

त्याला लायसिन मोठ्यांपेक्षा थोडं जास्तच हवं, ग्रॅमला ५२च्या आसपास, आणि पोट मुठीएवढं. म्हणून मुलाला घट्ट हवं. वरणाचं वरचं पाणी भरवतात, त्यात मुख्यतः पाणी आणि कौतुक असतं. खालची डाळ द्या. मऊ भात किंवा भाकरीचा कुस्करा, त्यात घट्ट मूगडाळ आणि चमचाभर तूप. खिचडी करताना दोन मुठी तांदळाला एक मूठ डाळ टाका.

किडनीचा त्रास असलेल्या कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांनी मात्र यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नये, डॉक्टरांना विचारावं.

तापीकाठची

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

मास्तरांनी विचारलेला प्रश्न मी माझ्याच घरात विचारला. चार माणसांना किलोभर तूरडाळ किती दिवस? उत्तर आलं सतरा. भागाकार करून बघितला तर माणशी दिवसाला १५ ग्रॅम. तेव्हा आईच्या भाकरीला नाव ठेवायचा मला काहीच अधिकार नव्हता.

आता वरण घट्ट. आठवड्यातून दोनदा फुनके-कढी, एकदा वरणबट्टी (आईच्या हातची, त्यामुळे त्या दिवशी प्रोटीन मोजायचं नाही असं घरात ठरलंय). दुपारी शेंगदाण्याची चटणी आणि मटकीची उसळ. खडेमीठ ताईंच्या सांगण्यावरून गिरणीत ज्वारीच्या दळणामागे नंबर लावला. गिरणीवाला म्हणाला, "उडीद टाकून दळता, मग तुम्ही जळगावच्या." आईने त्याला लगेच दुरुस्त केलं, "धुळ्याच्या."

मांड्या भरून येणं तसंच आहे, तीन आठवड्यांत काय होणार. रोज संध्याकाळी तिला खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला सांगितलंय, तेही डॉक्टरांनीच. करते, कुरकुरत. डबा आणलेला नाही, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे, तेव्हा बघू.

आबा_यावल

आमच्याकडेही मोजलं. चार माणसं, किलोला वीस दिवस. सुनबाईंना हा धागा दाखवला. त्यांनी तो पंख्याचा प्रतिसादही वाचला, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

भरीतप्रेमी

आबा, जेवण मिळालं का मग? 😂

आबा_यावल

मिळालं. वरण इतकं घट्ट की पळी उभी राहिली.